शाब्दिक उदाहरणं: भिंतीवरचा तक्ता आधी काढा

सर, तिसरी-चौथी एका खोलीत, चार मुलं उदाहरण वाचता वाचता उत्तर सांगतात आणि बाकीची ‘सर, बेरीज करू की वजाबाकी?’ विचारत बसतात, हे तुमचं वाचलं आणि माझाच जुना वर्ग डोळ्यांपुढे आला. काड्या, मणी, खेळण्यातल्या नोटा तुम्ही वापरतच असाल. माझं घोडं कुठे पेंड खात होतं, तेवढं सांगते.

मी भिंतीवर तक्ता लावला होता. ‘एकूण, मिळून, जास्त’ म्हणजे बेरीज. ‘उरले, दिले, कमी’ म्हणजे वजाबाकी. वरच्या कार्यालयातून भेटीला आलेल्या एका साहेबांनी तो सुचवला, पुढच्या भेटीत फोटोही काढून नेला. दोन महिने उत्तरं बरोबर येत होती, कारण उदाहरणं मीच तक्त्याला धरून देत होते. मग एकदा हे दिलं: ‘सलमाकडे १५ बोरं आहेत. ती गणेशच्या बोरांपेक्षा ६ ने जास्त आहेत. गणेशकडे किती?’ जवळजवळ सगळ्या वर्गाचं उत्तर २१! आठवडी बाजारात आईशेजारी बसून गिऱ्हाइकाला सुट्टे बिनचूक परत करणारी मुलगीसुद्धा त्यातच. असं का केलंस विचारलं, तर तिने तक्त्याकडे बोट दाखवलं. तरी वर्ष संपेपर्यंत मी तो काढला नाही. भेटीत ‘तक्ता कुठे गेला?’ विचारतील ना! भिंतीवरून गेला तरी मुलांच्या डोक्यातून जायला आणखी एक वर्ष लागलं.

आता मी गोष्ट आधी आकड्यांशिवाय सांगते. सलमाकडे गणेशपेक्षा जास्त बोरं आहेत, तर कमी कोणाकडे? याला सगळेच हात वर करतात. मग त्याच गोष्टीत आकड्यांच्या तीन जोड्या देते: ९ आणि ४, ४५ आणि १८, ३०५ आणि १२८. ज्याने त्याने आपली जोडी निवडायची. कच्च्यांना नुसती मांडलेली गणितं आणि हुशारांना शाब्दिक, ही वाटणी मला पटत नाही. पटापट सोडवणाऱ्यांना १५ – ६ वर ‘जास्त’ शब्द येईल अशी गोष्ट रचायला सांगा. नाहीतर सहलीचं द्या: २६ मुलं, एका जीपमध्ये ८, जीप किती? ‘३, बाकी २’ लिहिणारे बहुतेक तेच असतात. ती दोघं शाळेतच राहिली का, विचारा.

ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ साली शाब्दिक उदाहरणातल्या चुकांचे पाच टप्पे मांडले: वाचणं, समजणं, क्रिया ठरवणं, ती करणं, उत्तर लिहिणं. मूल नेमकं कुठे अडलं ते शेजारी बसवून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे एकजण ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ लिहायचा आणि मी त्याला महिनाभर हातच्याची वजाबाकी घोटवत होते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तेचाळीस’ला ‘चाळीस सात’ म्हणायची पद्धत आली, त्यावर सगळे हसले, या मुलाला त्याचाच उपयोग झाला. त्यावर वाद घालायचा नाही मला.

माझ्या वर्गाचा पट विसाच्या आसपास आहे, साठच्या वर्गात हे असंच जमेल असं म्हणणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारीही वेगळी, तिथे घड्याळ आड येतं.

आणि हो, रिकाम्या भिंतीवरून कोणी बोललंच, तर मुलांनी रचलेली उदाहरणं तिथे चिकटवा. फोटोला तीही चालतात.