वाचकांचे प्रश्न : मोजक्या पैशांत वापरलेला टॅब्लेट

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. पीडीएफ वाचणे, व्याख्यानांचे व्हिडिओ पाहणे आणि पेनने टिपणे काढणे एवढ्यासाठी तिला टॅब्लेट हवा आहे. नवा घेणे आम्हाला शक्य नाही. जवळजवळ सारख्याच किमतीत सहाव्या पिढीचा आयपॅड आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट असे दोन वापरलेले टॅब्लेट मिळत आहेत. आयपॅड नव्यासारखा दिसतो, तर सॅमसंगच्या पाठीवर बरेच ओरखडे आहेत. कोणता घ्यावा?

उत्तर : ओरखडे तूर्त बाजूला ठेवावेत. वापरलेल्या टॅब्लेटबाबत पहिला प्रश्न तो किती चकचकीत आहे हा नसून कंपनीकडून त्याला आणखी किती वर्षे अपडेट मिळणार आहेत हा असतो. मागितलेल्या किमतीला त्या उरलेल्या वर्षांनी भागून पाहिले, तर स्वस्त वाटणारा सौदा पुष्कळदा महाग निघतो.

सहाव्या पिढीचा आयपॅड २०१८ साली आला. २०२३ चे आयपॅडओएस १७ (आयपॅड चालवणारी अ‍ॅपलची मूळ प्रणाली) ही त्याला मिळालेली शेवटची मोठी आवृत्ती होती; २०२४ च्या आयपॅडओएस १८ मध्ये त्याला स्थान मिळाले नाही. मोठी आवृत्ती थांबली म्हणजे दुसऱ्या दिवशी टॅब्लेट बंद पडतो असे नाही. अ‍ॅप तयार करणारे मात्र आपापल्या अ‍ॅपसाठी लागणारी किमान आवृत्ती हळूहळू वर नेतात, आणि एखादे दिवशी नेमके आपल्याला हवे असलेले अ‍ॅप त्या टॅब्लेटवर उतरवता येत नाही. अशा वेळी अ‍ॅप स्टोअर जुनी, चालू शकणारी आवृत्ती देऊ करते, परंतु ती सोय सहसा त्या खात्यावर पूर्वी घेतलेल्या अ‍ॅपपुरती असते. नवे खाते उघडून जुना आयपॅड वापरू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला तिचा फारसा उपयोग होत नाही. आयपॅडच घ्यायचा असेल, तर २०२० च्या आठव्या पिढीपासून पुढचा पाहावा, कारण त्याला २०२५ चे आयपॅडओएस २६ सुद्धा मिळाले आहे.

एस६ लाइटच्या बाबतीत वेगळीच गफलत होऊ शकते. सॅमसंगने हे एकच नाव तीन टॅब्लेटना दिले असून ते २०२०, २०२२ आणि २०२४ साली आले. पहिला अँड्रॉइड १० सह विकला गेला, तर शेवटचा अँड्रॉइड १४ सह. बाहेरून मात्र तिघे सारखेच दिसतात. त्यामुळे विक्रेत्याने सांगितलेल्या वर्षावर न थांबता सेटिंग्जमध्ये टॅब्लेटविषयीच्या पानावर मॉडेल क्रमांक पाहावा. एसएम-पी६१० किंवा पी६१५ असेल तर तो २०२० चा, पी६१३ किंवा पी६१९ असेल तर २०२२ चा आणि पी६२० किंवा पी६२५ असेल तर २०२४ चा. अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटची तारीखही सेटिंग्जमध्येच दिसते. विक्रेत्यासमोर नवे अपडेट आहे का ते तपासावे. टॅब्लेट सर्व काही अद्ययावत असल्याचे सांगत असूनही ती तारीख दीड-दोन वर्षे मागची असेल, तर कंपनीने त्याच्याकडे लक्ष देणे थांबवले आहे असे समजावे.

पेनचा हिशेबही याच वेळी करावा. एस६ लाइटबरोबर एस पेन मुळातच येतो, तेव्हा विक्रेत्याने तो सोबत दिलाच पाहिजे. सहाव्यापासून नवव्या पिढीपर्यंतच्या साध्या आयपॅडना पहिल्या पिढीची अ‍ॅपल पेन्सिल चालते आणि ती वेगळी विकत घ्यावी लागते. हे सर्व मोजल्यावर, आपल्या दोन पर्यायांपैकी सॅमसंग २०२२ किंवा २०२४ चा निघाल्यास मी पाठीवरच्या ओरखड्यांसकट तोच घेईन. तो २०२० चा निघाल्यास दोन्ही नाकारून आणखी काही आठवडे शोध घेणे बरे.

प्रश्न : विक्रेता म्हणतो की त्याने टॅब्लेट रीसेट करून पूर्ण साफ केला आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : मुळीच नाही. २०१३ मध्ये आलेल्या आयओएस ७ पासून अ‍ॅपलच्या उपकरणांना आणि २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून अँड्रॉइड उपकरणांना असे संरक्षण आहे की, आधीच्या मालकाचे खाते न काढता माहिती पुसली, तरी सुरू करताना त्याच खात्याचा पासवर्ड मागितला जातो. चोरीला आळा बसावा म्हणून केलेली ही व्यवस्था अनभिज्ञ खरेदीदाराच्याही गळ्याशी येते. स्वागताचा पडदा दिसला म्हणजे टॅब्लेट मोकळा झाला असे मानू नये, कारण कुलूप वाय-फाय जोडल्यानंतरच्या पायऱ्यांमध्ये प्रकट होते. विक्रेत्याने आपल्यासमोर स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून मग रीसेट करावे, आणि आपण आपल्या फोनच्या हॉटस्पॉटवर स्वतःचे खाते घालून मुख्य पडद्यापर्यंत पोहोचावे. पैसे त्यानंतर द्यावेत. विक्रेता या वीस मिनिटांना कंटाळत असेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

शाळा किंवा कार्यालयांनी वाटलेल्या टॅब्लेटमध्ये दूरस्थ व्यवस्थापनाची, म्हणजे संस्थेने दुरून त्यावर ताबा ठेवण्याची, नोंद असू शकते. ती रीसेटनंतरही परत येते आणि संस्थेनेच काढावी लागते. सुरू करताना एखाद्या संस्थेचे नाव झळकले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. सिमकार्ड चालणाऱ्या टॅब्लेटचा आयएमईआय, म्हणजे मोबाइल नेटवर्कवर उपकरणाची ओळख पटवणारा क्रमांकही पडताळता येतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्याला तो नसतो, त्याला फक्त अनुक्रमांक असतो.

प्रश्न : बॅटरी आणि पडदा दुकानात उभ्या उभ्या कसे तपासावेत?

उत्तर : बॅटरीबाबत पूर्ण खात्री मिळत नाही, हे आधी मान्य करावे. आयपॅडमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दाखवण्याची सोय २०२४ च्या एअर आणि प्रो पासून आली, म्हणजे आपल्या आवाक्यातील उपकरणांत ती नसणारच. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून वाय-फायवर अर्धा तास व्हिडिओ चालवावा आणि टक्केवारी कशी उतरते ते पाहावे. ती सावकाश उतरली तर ठीक. एकदम पाच-सात टक्क्यांनी घसरली किंवा वीस टक्के असतानाच टॅब्लेट बंद झाला, तर बॅटरी संपत आली आहे. टॅब्लेट सपाट टेबलावर ठेवून कडेने पाहावे. पडदा एखाद्या बाजूने उचलला गेला असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये आणि दाबून बसवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये.

स्पर्श तपासण्यासाठी एखादे चिन्ह बोटाखाली धरून पडद्यावर आडवे-उभे, अगदी कडांपर्यंत फिरवावे. ते जिथे निसटते तिथे पडदा स्पर्श ओळखत नाही. चार्जिंगची वायर लावून किंचित हलवून पाहावी. स्टोरेजविषयी एवढेच की, आठव्या पिढीच्या आयपॅडचा मूळ प्रकार ३२ जीबीचा आहे आणि आयपॅडमध्ये मेमरी कार्ड बसत नाही, म्हणून व्याख्याने उतरवून ठेवायची असल्यास १२८ जीबीचाच शोधावा. एस६ लाइटमध्ये कार्डाची सोय आहे.

प्रश्न : नातेवाईक २०१४ चा आयपॅड एअर २ नाममात्र किमतीत देत आहेत. घ्यावा का?

उत्तर : आयपॅडओएस १५ च्या पुढे तो गेलेला नाही. म्हणून बँकेचे व्यवहार, मुख्य ईमेल आणि पैशांशी संबंधित कोणतेही काम त्यावर करू नये. साठवलेली पुस्तके वाचण्यासाठी मात्र त्याचा पडदा आजही चांगला आहे. लागणाऱ्या अ‍ॅपची यादी करून ती आपल्या खात्यावरून त्यावर खरोखरच उतरतात का, हे नातेवाइकांच्या घरीच बसून पाहावे. महत्त्वाची दोन अ‍ॅप जरी अडली, तरी नम्रपणे नकार द्यावा.