युबारी शहर थीम पार्कमुळेच बुडालं का?

तुम्ही विचारलंय की, खरबुजांसाठी नावाजलेलं जपानचं युबारी शहर मनोरंजन पार्क बांधून दिवाळखोर झालं, हे खरं का. अर्धं खरं. पार्कनं खड्डा मोठा केला, पण तो खणायला सुरुवात कोळशापासून झाली होती. आणि तो इतकी वर्षं कुणाला दिसला नाही, याचं कारण हिशेबाच्या वह्यांत आहे.

आधी जागा समजून घ्या. होक्काइदो बेटावर, साप्पोरोच्या पूर्वेला साधारण ६० किलोमीटरवर हे शहर. क्षेत्रफळ ७६३ चौरस किलोमीटर, त्यातलं बहुतेक डोंगर आणि जंगल. माणसं राहतात ती युबारी नदी आणि तिच्या उपनद्यांच्या चिंचोळ्या खोऱ्यांत. १८८८मध्ये इथे कोळशाचा थर उघडा पडलेला सापडला, १८९०मध्ये खाण सुरू झाली, १८९२मध्ये रेल्वे आली. कोळसा पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा, कोक (भट्टीचं इंधन) बनवण्याजोगा, म्हणून मागणी भक्कम. जिथे खाणीचं तोंड तिथे वस्ती, अशा माळेसारख्या वाड्या तयार झाल्या. १९६०च्या सुमारास लोकसंख्या १ लाख १७ हजारांच्या आसपास होती. २०२०च्या जनगणनेत ती ७,३३४ भरली. माणसं गेली, पण रस्ते, नळ आणि बर्फ काढायचं अंतर तेवढंच राहिलं. युबारीचं दुखणं कळायला हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तेल स्वस्त झालं तशा खाणी मिटत गेल्या. १९८१च्या ऑक्टोबरात होकुतान कंपनीच्या नव्या खाणीत वायूचा उद्रेक होऊन आग लागली. ती विझवायला, आत माणसं अडकलेली असताना, खाणीत पाणी सोडावं लागलं. ९३ जण गेले. पुढच्या वर्षी ती खाण बंद झाली आणि १९९०मध्ये शेवटचीही.

खाण कंपनीच्या गावात घरं, दवाखाना, पाणी, न्हाणीघरं सगळं कंपनीचं असतं. कंपनी उठली की ते कुणाच्या गळ्यात पडणार? नगरपालिकेच्या. युबारीनं हे सगळं अंगावर घेतलं, त्यात हजारो कोटी येन गेले आणि त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता. माझ्या मते खरी सुरुवात इथे आहे, पार्कमध्ये नाही.

पार्क आला तो रोजगारासाठी. महापौर नाकाता तेत्सुजी १९७९ ते २००३, म्हणजे २४ वर्षं पदावर होते. घोषणा होती ‘कोळशाकडून पर्यटनाकडे’. १९८३मध्ये कोळसा इतिहास ग्राम उघडलं. खाणीचं संग्रहालय, पाळणे, पुढे रोबोंचं दालनही. १९९०पासून चित्रपट महोत्सव. गुंतवणूकदार बाहेर पडले तेव्हा हॉटेल आणि स्की खेळायचा डोंगरउतार पालिकेनंच विकत घेतले. २००१मध्ये कोळसापट्ट्यांसाठीचा खास कायदा संपला आणि त्याबरोबर येणारा सरकारी आधारही आटला.

आता लपवाछपवी कशी चालली ते बघा. जपानी पालिकेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण मागच्या वर्षाच्या वह्या ३१ मेपर्यंत उघड्या असतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दोन्ही वर्षांच्या वह्या एकाच वेळी चालू. युबारीत मुख्य खात्यातून पर्यटन खात्याला उसने पैसे दिले जात, त्यामुळे पर्यटन खातं तुटीत दिसत नसे. मग एप्रिल-मेमध्ये पर्यटन खात्याच्या नव्या वर्षाच्या पैशातून ती उसनवारी मागच्या वर्षाच्या मुख्य खात्यात परत दाखवायची. दोन्ही वह्या जुळल्या! प्रत्यक्षात ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. तूट पुढच्या वर्षात सरकली आणि ती भागवायला बँकांकडून अल्पमुदतीची कर्जं. ती वर्षाच्या आत फेडल्याचं दिसत असल्यानं कर्जरोख्यांच्या आकड्यात येत नसत. दर वर्षी तोच खेळ, आणि रक्कम आधीपेक्षा मोठी.

२००६मध्ये हे उघड झालं. फेडायची तूट निघाली सुमारे ३,५३० कोटी येन. पालिकेचं नेहमीचं वार्षिक उत्पन्न ४५० कोटींच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आठपट.

‘दिवाळखोरी’ हा शब्द इथे फसवा आहे. कंपनीसारखं कर्ज बुडवून मोकळं व्हायची सोय जपानी पालिकेला नाही, त्यामुळे बँकांचं काही गेलं नाही. २००७पासून शहर सरकारच्या देखरेखीखाली, कर्जफेडीच्या योजनेत आलं. बोजा लोकांवर पडला: कर वाढले, सांडपाण्याचे दर वाढले, १७१ खाटांचं रुग्णालय १९ खाटांचा दवाखाना झालं, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा एकेकच उरल्या, महापौरांचा पगार ७० टक्के कापला. करवाढीनं आणि सोयी गेल्यानं तरुण आणखी वेगानं बाहेर पडले, म्हणजे कर भरणारेच कमी. योजनेतला मोठा दोष हाच. तोक्योहून मदतीला पाठवलेले सुझुकी नाओमिची २०११मध्ये तिशीतच महापौर झाले. घरं एका मध्यवर्ती भागात आणायचं काम त्यांच्या काळात पुढे गेलं. २०१६मध्ये १६.१ किलोमीटरची रेल्वे शाखा बंद करायला पालिका स्वतःहून तयार झाली, बदल्यात बससेवेसाठी मदत मिळवली; शाखा २०१९मध्ये बंद झाली.

खरबुजाबद्दल थोडं. युबारी किंग हा दोन जातींचा संकर आहे, एक जाळीदार इंग्लिश, दुसरी केशरी गराची. संकरित असल्यानं फळातलं बी पेरलं तर पुढच्या पिढीत तेच गुण राहत नाहीत, वेगवेगळे निघतात. मूळ जाती शेतकरी सहकारी संस्थेच्या ताब्यात. ज्वालामुखीच्या राखेची, पाण्याचा निचरा होणारी माती आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला मोठा फरक यानं गोडी येते. गर इतका मऊ की पिकल्यावर दोन-तीन दिवसांत खावा लागतो, म्हणून लांबच्या बाजारात जाणं अवघड. २०१९च्या लिलावात एक जोडी ५० लाख येनला गेली, पण ती हंगामातली पहिली, जाहिरातीची बोली. दुकानातलं साधं फळ काही हजार येनला मिळतं. आणि हा पैसा शेतकऱ्यांचा, पालिकेचा नाही. पालिकेला वर्षाला सुमारे २६० कोटी येन फेडायचे होते, मार्च २०२७च्या मुदतीपर्यंत.