फादरांना ‘नाही’ का म्हणालात?

(पत्राचा सारांश : मी ठाण्याची, वय ५२. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांचं सगळं मीच करते. शिवाय पॅरिशमधल्या (आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) दोन एकट्या म्हाताऱ्यांना रोज डबा पोचवते. घोडबंदर रोडला राहणारी नणंद म्हणाली, ब्युरोची बाई ठेवू, पैसे मी देते. मी नको म्हटलं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर काही जणांचे पाय धुतात. त्या ओळीत बसा म्हणून फादरांनी विचारलं, त्यांनाही नको म्हटलं. मी कसली त्या लायकीची? लोक म्हणतात, नम्रता हिच्याकडून शिकावी. पण आतून सारखी चिडचिड होते. माझी श्रद्धा कमी पडते का?)

ताई,

मला तर तुमची झोप कमी पडलेली दिसते. पण ते दोन नकार मला जास्त खटकले.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला १३ वा अध्याय तुम्ही दरवर्षी ऐकता. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपणही असंच वाकायचं, एवढं घेऊन आपण घरी येतो. त्या शिष्यांतल्या पेत्राकडे कुणी फारसं बघत नाही. तो पाय मागे घेतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणतो. किती नम्र वाटतं ऐकायला! येशूला ते मुळीच चालत नाही. धुऊ दिले नाहीस तर तुझा माझ्याशी काही वाटा नाही, असं तो तोंडावर सांगतो. (मग हा गडी लगेच हात आणि डोकंही पुढे करतो. म्हणून तर मला पेत्र आवडतो.)

नणंदेच्या बाबतीत तुम्ही पाय मागे घेतलेत. ती स्वतःच्याच आईचं करायला निघाली होती, तिला जमेल तसं. सगळं तुम्हीच केलंत की तिच्या वाट्याला नुसती टोचणी उरते आणि तुमच्या वाट्याला कौतुक. बोचेल तुम्हाला हे, पण चिडचिडीचं मूळ मला इथेच दिसतं.

दिवसाची बाई ठेवाच. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे एकटीच्या पाठीचं काम नव्हे. पत्रात नवऱ्याचा उल्लेख नाही, तेव्हा ते घरातच आहेत असं धरते. त्यांच्या आईचे पाय त्यांना धुऊ द्या. त्या रात्री गंगाळ घेऊन वाकला तो पुरुषच होता.

डब्यासाठी पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेची शाखा असेल तर त्यांना सांगा. १८३३ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही संस्था. घरभेटीला जोडीनं जायचं, ही त्यांची जुनी रीत.

आणि फादरांनी पुन्हा विचारलं तर मुकाट्यानं बसा. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, म्हणून तर आता बायकांनाही त्या ओळीत बसता येतं.

पण आधी नणंदेला फोन. पवित्र गुरुवार येईल तेव्हा येईल, सासूबाईंची अंघोळ उद्या सकाळीच आहे.