सगळं इंटरनेटवर मिळत असताना ग्रंथालयातल्या संदर्भ सेवेला काही काम उरलं आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ग्रंथालयशास्त्राला नुकताच प्रवेश घेतलाय, संदर्भ सेवेकडे, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं शोधून देण्याच्या कामाकडे, ओढा आहे आणि घरचे म्हणताहेत की हे काम काही वर्षांत संपणार. मी तेवीस वर्षं संदर्भ विभागात आहे. सुरुवातीची वर्षं समोर वाचक आणि पाठीमागे कोशांचं कपाट अशी गेली. आता निम्म्याहून जास्त प्रश्न ईमेलने आणि चॅटवर येतात. काम उरलं आहे, आणि पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे. पण जे संपलं ते आधी कबूल करतो.

झटपट उत्तरांचं काम संपलं. राजधानी कोणती, अमुक लेखकाचं जन्मसाल काय, या संस्थेचा पत्ता द्या, अशा फोनांनी एकेकाळी सकाळ निघून जायची. त्यासाठी वार्षिक्या, निर्देशिका आणि ज्ञानकोश हाताशी ठेवलेले असत. ब्रिटानिकाने २०१२ साली छापील आवृत्ती थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे ते खंड कुणी फारसे उघडत नव्हते. या प्रश्नांसाठी आता कुणी ग्रंथालयात येत नाही, आणि यावं असं मलाही वाटत नाही.

उरलं काय, ते एका ईमेलवरून सांगतो. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘अमुक पाच वर्षांची वर्तमानपत्रं स्कॅन करून पाठवता येतील का?’ एवढंच. पाच वर्षांची वर्तमानपत्रं म्हणजे अठराशेच्या वर अंक. नियमाप्रमाणे ‘शक्य नाही’ असं कळवून मोकळं होता आलं असतं. मी उलट विचारलं, ‘त्यात नेमकं काय शोधताय ते सांगाल का?’ दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्या आईच्या जन्माची कुठेच नोंद नव्हती. घरात एवढंच ठाऊक होतं की भर दिवसा काळोख झाला, त्यानंतर आठवड्याभरात ती जन्मली. ती बातमी सापडली की साल सापडेल, असा त्यांचा हिशेब होता.

म्हणजे हवं होतं ते सूर्यग्रहण. फ्रेड एस्पेनाक आणि ज्याँ मीयस यांनी इसवी सन पूर्व २००० पासून इसवी सन ३००० पर्यंतच्या, म्हणजे पाच हजार वर्षांच्या ११,८९८ सूर्यग्रहणांची गणितं करून ठेवली आहेत. ती नासाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. त्या पाच वर्षांत त्यांच्या भागातून दिसलेली ग्रहणं दोन निघाली. एक खग्रास होतं, दुसरं खंडग्रास. मी पुन्हा विचारलं, ‘नुसतं ऊन फिकं झालं होतं की खरोखर काळोख पडला होता? घरात कुणी वडीलधारं आहे का?’ मावशीबाई होत्या. त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं सांगितलं, की पाखरं घरट्यांकडे परतली होती आणि आकाशात चांदण्या दिसल्या होत्या. म्हणजे ग्रहण खग्रास. एकाच ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा दिसतं, त्यामुळे संशयाला जागा फारशी उरली नाही. साल मिळालं आणि आठवडाही मिळाला.

या सगळ्यात वर्तमानपत्राचा एकही अंक उघडावा लागला नाही. ग्रहणांची कोष्टकं त्या गृहस्थांच्या फोनवरही उघडली असती. अडलं होतं ते प्रश्नापाशी. स्वतःला काय हवंय याचा अंदाज बांधून, ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा दुसरा अंदाज बांधून, त्यांनी एक मागणी तयार केली होती. ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ च्या एका लेखात याचे चार टप्पे मांडले आहेत. आधी मनात नुसती चुळबुळ असते, मग धूसर जाणीव होते, मग प्रश्न शब्दांत बसतो, आणि शेवटी ग्रंथालयाला पेलेल अशा बेताने छाटलेला प्रश्न बाहेर येतो. आमच्यापर्यंत येतो तो हा चौथा. तिथून मागे चालत जाण्याला आमच्याकडे संदर्भ मुलाखत म्हणतात. सर्च इंजिनपुढेही लोक चौथाच प्रश्न टाइप करतात, फक्त तिथून त्यांना मागे नेणारं कुणी नसतं. चॅटबॉटला त्या गृहस्थांनी आईची हकीकत सांगितली असती तर त्यानेही ग्रहणापर्यंत नेलं असतं, हे मी मानतो. पण मलाही त्यांनी ती आपणहून सांगितली नव्हती.

आता बदल कसा होतोय त्याकडे येतो. समोरासमोर बोलताना चेहरा दिसतो. उत्तर ऐकून वाचक ‘बरं, बघतो’ म्हणाला की त्याच्या आवाजावरूनच कळतं, त्याला हवं ते मिळालेलं नाही. चॅटमध्ये हे सगळं जातं. पाच मिनिटं शांतता पसरली तर माणूस वैतागून गेला की आपण दिलेला लेख वाचतोय, ते कळत नाही. म्हणून मनातलं लिहून दाखवायची सवय लावून घ्यावी लागली. ‘दोन ठिकाणी शोधतोय, चार मिनिटं लागतील, थांबता येईल का?’ आणि शेवटी, न चुकता, ‘तुम्हाला हवं होतं ते पूर्ण मिळालं का?’ अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या संदर्भ विभागाने १९९६ साली या कामातल्या वागणुकीची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. २००४ मध्ये ती सुधारली, तेव्हा दूरवरून येणाऱ्या प्रश्नांचा विचार त्यात मुद्दाम घातला. चॅटमुळे जे मिळालं तेही सांगायला हवं. आजाराबद्दल, कर्जाबद्दल, घटस्फोटाबद्दल काउंटरवर कुणी मोठ्याने विचारत नसे. चॅटवर विचारतात.

ग्रंथालयांनी एकत्र येऊनही बरेच प्रयोग केले. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी २००२ साली क्वेश्चनपॉइंट ही ऑनलाइन संदर्भ सेवा सुरू केली. इथे रात्र असेल तेव्हा जिथे दिवस आहे तिथल्या ग्रंथपालाने उत्तर द्यायचं, अशी ती सोय. सर्वसाधारण प्रश्नांना ती छान चालायची. ‘तुमच्याकडचं अमुक हस्तलिखित बघायला परवानगी कुणाची लागते’ याला मात्र दूरचा सहकारी काय सांगणार?

जुना काळ सोन्याचा होता असंही समजू नका. पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅक्ल्यूर यांनी १९८६ साली, ग्रंथपालांना न सांगता प्रश्न विचारून घेतलेल्या चाचण्यांवरून, संदर्भ विभागात साधारण ५५ टक्के उत्तरंच बरोबर मिळतात असं मांडलं. विद्यार्थी असताना ते वाचून मला फार लागलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मेरिलँडमधल्या अशाच एका पाहणीतून दिसलं होतं की शेवटी ‘पूर्ण उत्तर मिळालं का’ असं विचारलं की बरोबर उत्तरांचं प्रमाण वाढतं. एक साधं वाक्य! नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तेवढंच शिकवतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत वाढलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे नसलेल्या गोष्टींचा शोध. विद्यार्थी संदर्भांची यादी घेऊन येतो. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, खंड आणि पृष्ठांकही दिलेले, आणि तो लेख जगात कुठेच नाही. चॅटबॉटने रचलेला असतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात असेच न झालेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, हे तुम्ही वाचलं असेल. माझी पद्धत अशी: शीर्षक शोधत बसायचं नाही. त्या नियतकालिकाचा तो खंड, तो अंक काढायचा आणि त्या पानांवर प्रत्यक्षात काय छापलंय ते बघायचं. तिथे दुसराच लेख असेल, किंवा अंकाची पानं त्याआधीच संपत असतील, तर यादीतली ती ओळ खोडायची. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, दिला असेल तर तो उघडून तोच लेख येतो का हेही पाहायचं. मग विद्यार्थ्याला न रागावता विचारायचं की त्या लेखातून तुला काय सिद्ध करायचं होतं. बहुतेक वेळा त्या मुद्द्यावर खरा लेख सापडतो. कधी सापडलेला लेख नेमकं उलटं सांगत असतो, आणि तेव्हा खरा अभ्यास सुरू होतो.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती म्हणजे नोंदी. काउंटरवर विचारलेला प्रश्न हवेत विरून जायचा. चॅटवरचा प्रश्न नावासकट, तारखेसकट साठून राहतो, बऱ्याचदा ती यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. रात्री दीड वाजता कुणी कसल्या चाचणीबद्दल विचारलं, हे कुणालाही कळता कामा नये. काम झालं की नाव आणि ईमेल पत्ता काढून टाकायचा आणि नुसता प्रश्न अभ्यासासाठी ठेवायचा, हा नियम आमच्याकडे व्हावा म्हणून मी दोन वर्षं भांडलो. तुम्ही जिथे नोकरीला लागाल तिथे पहिल्या महिन्यातच याची चौकशी करा.

आणि घरच्यांसाठी एक करून बघा. जवळच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात परवानगी घेऊन आठवडाभर बसा. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे वाचकाने पहिल्यांदा काय विचारलं ते, उजवीकडे शेवटी त्याला काय हवं होतं ते. वाचकाचं नाव लिहू नका. आठवड्याच्या शेवटी दोन्ही रकान्यांत एकच गोष्ट किती वेळा आली ते मोजा, आणि ती वही घरी दाखवा.