हनोईत जीव रमेल का?

ताई, मिस्टरांची बदली व्हिएतनाममध्ये हनोईला होतीये, तुम्हाला पुण्यात मैफिली-नाटकं-प्रदर्शनांची सवय, वर तुम्ही शाकाहारी, म्हणून तिकडे जीव रमेल का असं विचारलंय तुम्ही. मी इथेच राहतो, मनापासून सांगतो, रमेल. फक्त घर बघून घ्या. कंपनी बहुतेक ताय हो भागातलं घर सुचवेल, तिथे सगळे परदेशी लोक राहतात, फ्लॅट छान, तळं छान, पण मग माणूस तिथेच अडकतो. त्याऐवजी त्रुक बाख किंवा बा दिन्हकडे बघा, जुना भाग जवळ पडतो, आणि इथलं चांगलं गाणं, चित्रं, खाणं सगळं गल्लीबोळात, कुणाच्या तरी माडीवर असतं, ते लांबून होत नाही.

गाण्याचं आधी सांगतो कारण तुम्ही मैफिलीवाल्या. 'का त्रू' म्हणजे इथलं जुनं बैठकीचं गाणं, ते ऐकाच. हांग बाक रस्त्यावर किम न्गान म्हणून जुनं देऊळ आहे, तिथे कधीकधी बैठक असते, आधी चौकशी करून जा. गाणारी बाई चटईवर बसते आणि गाता गाता स्वतःच बांबूच्या पट्टीवर काठ्यांनी ताल धरते, शेजारी एकजण तीन तारांचं लांब दांडीचं वाद्य वाजवतो, आणि तिसरा छोटा ढोल घेऊन बसतो तो खरं तर जाणकार श्रोता, बाईंनी जागा छान घेतली की हा काडीने ढोलावर टोला देऊन दाद देतो! भाषा कळली नाही तरी आपल्याकडचं बैठकीचं गाणं ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळतं. युनेस्कोने २००९ मध्ये याला तातडीने जपायच्या यादीत घातलं, गाणारे फार थोडे उरलेत, त्यामुळे तिकीट काढून जाणं हीसुद्धा मदतच.

होआन किएम तळ्याजवळचा थांग लाँग थिएटरमधला पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ टुरिस्टी म्हणून सोडू नका. कलाकार पडद्यामागे कंबरभर पाण्यात उभे राहून लांब बांबूने बाहुल्या नाचवतात, संगीत लाइव्ह असतं. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद, तेव्हाच जमवा.

चित्रांसाठी न्गुयेन थाय होक रस्त्यावरचं ललित कला संग्रहालय, सकाळी जा, गर्दी नसते. १९२५ मध्ये व्हिक्टर तार्दियू नावाच्या फ्रेंच चित्रकाराने इथे कलाशाळा काढली, आणि तिथल्या मुलांनी देवळातल्या खांब-मूर्तींवर लावायची लाख, म्हणजे झाडाच्या चिकाचं चकचकीत रोगण, चित्रात आणली. लाखेचं चित्र अगदी जवळून बघा, थरावर थर चढवतात, वाळले की पाणी घालून घासतात तेव्हा खालचे रंग वर येतात, आणि लाखेत पांढरा शुभ्र रंग मिळत नाही म्हणून तिथे अंड्याच्या कवचाचे बारीक तुकडे एकेक करून बसवलेले असतात. नवीन कामासाठी फान हुई इख रस्त्यावर मान्झी आहे, जुन्या बंगल्यात कॅफे आणि गॅलरी एकत्र, बोलायला माणसं भेटतात. एक माहिती असू द्या, इथे जाहीर प्रदर्शनाला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे सगळं काही भिंतीवर येत नाही.

आता खाणं. इथे एका टपरीवर एकच पदार्थ, आणि ठरलेल्या वेळी. फो, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, सकाळी, बुन चा, म्हणजे भाजलेलं मांस आणि नूडल्स, दुपारी, अकरा वाजले की कोळशावर डुकराचं मांस भाजल्याचा धूर रस्त्यावर येतोच. रात्री नऊनंतर जेवू म्हणाल तर जुन्या भागाबाहेर फारसं काही मिळत नाही, सातला जेवायची सवय लावा.

शाकाहाराचं स्पष्ट सांगतो, नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, भाजीतही फिश सॉस असतो आणि रस्सा हाडांचा. 'आन चाय' म्हणा, म्हणजे 'शाकाहारी खातो', चहाशी संबंध नाही, आणि पाटीवर 'chay' लिहिलेली हॉटेलं शोधा, ती बौद्ध पद्धतीची, टोफू, मशरूम, कमळाच्या बिया, खरंच चांगली असतात. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बरीच मंडळी शाकाहारी खातात, त्या दिवशी मजा असते. मिस्टर मासे खात असतील तर त्यांना चा का खायला घाला, हळद लावलेला मासा समोरच तव्यावर परततात आणि वरून मूठभर नाही, ढीगभर शेपू! शेपू बाजारात भरपूर मिळतो, तुमची भाजी घरीही होईल. गोडा मसाला आणि हिंग मात्र घरून आणा. अंड्याची कॉफी खूप ऐकाल, १९४६ च्या सुमाराला दूध मिळेना म्हणून सुरू झालेली, अंडं चालत नसेल तर नारळाची कॉफी घ्या.

येताना तेतच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या, आठवड्यात येऊ नका, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, लोक गावी जातात, टपऱ्या, गॅलऱ्या, सगळं बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबर जमलं तर हवाही सुंदर. घराचं ठरलं की भाग कळवा, तिथून चालत जाण्यासारखं काय आहे ते सांगतो.