सिंगापूरला सेफ्टीची नोकरी: सरकार, मालक, युनियन एका टेबलावर, आणि साइटवर काय

तू विचारलंयस की सिंगापूरच्या कन्स्ट्रक्शन कंपनीची ऑफर आहे, सेफ्टी को-ऑर्डिनेटर म्हणून, एस पासवर (मधल्या कौशल्याच्या परदेशी माणसाचा कामाचा परवाना), आणि तिथे सरकार, मालक आणि युनियन मिळून सेफ्टी बघतात असं वाचलंय तर ते खरं आहे का नुसतं पोस्टरवर, आणि तक्रार केली तर घरी पाठवतात का. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत म्हणून एकत्रच लिहितो, लांबेल जरा.

खरं आहे, पोस्टरवरचं नाही. ट्रायपार्टिझम, म्हणजे तिघांनी मिळून ठरवणं, हा शब्द तुला इथे सगळीकडे ऐकू येईल. एका बाजूला मनुष्यबळ मंत्रालय, त्याला सगळे एमओएम म्हणतात, दुसरीकडे मालकांची संघटना एसएनईएफ, तिसरीकडे कामगारांची एनटीयूसी. पगारवाढीच्या गाइडलाइन हेच तिघं १९७२ पासून नॅशनल वेजेस कौन्सिलमध्ये बसून काढतात, म्हणजे एकत्र बसायची सवय जुनी आहे. सेफ्टीकडे मात्र खरं लक्ष गेलं ते २००४ नंतर. त्या एप्रिलमध्ये निकोल हायवेजवळ मेट्रोच्या सर्कल लाइनचं खोदकाम कोसळलं आणि ४ जण गेले, त्याच महिन्यात फ्युजनोपोलिसच्या साइटवर २, आणि मे महिन्यात शिपयार्डमध्ये जहाजाला आग लागून ७. त्या वर्षी लाख कामगारांमागे मृत्यूचं प्रमाण ४.९ होतं. मग जुना फॅक्टरीज ॲक्ट बाजूला ठेवून २००६ मध्ये वर्कप्लेस सेफ्टी अँड हेल्थ ॲक्ट आणला आणि २००८ मध्ये डब्ल्यूएसएच कौन्सिल, ज्यात मालक, युनियन, सरकार असे सगळे बसतात.

जुन्या कायद्यात साधारण असं होतं की हे गार्ड लावा, तो कठडा बसवा, यादीप्रमाणे टिक करा. नव्यात म्हणतात की धोका तू निर्माण केलास ना, मग तो मुळाशीच कमी करायची जबाबदारी पण तुझी, कसा कमी करणार ते तू लिहून दाखव. म्हणून इथे रिस्क असेसमेंटचे एवढे कागद. तुझा निम्मा दिवस त्यातच जाणार आहे हे आत्ताच सांगून ठेवतो. कौन्सिल त्यावर प्रत्येक उद्योगासाठी गाइडलाइन काढते, छोट्या कंपन्यांसाठी बिझसेफ नावाच्या पायऱ्या आहेत, आणि मोठे कंत्राटदार बिझसेफ नसलेल्या सबकॉनला, म्हणजे उपकंत्राटदाराला, बरेचदा दारातच उभं करत नाहीत. कायदा न वाढवता मालकानेच मालकाला सरळ करायची ही युक्ती मला आवडते.

आकडे बघशील तर फरक पडलाय यात वादच नाही. ४.९ वरून २०१९ ला १.१ वर आलं. २०२२ मध्ये परत ४६ जण गेले, प्रमाण १.३, तेव्हा सप्टेंबर २०२२ ते मे २०२३ हायटन्ड सेफ्टी पिरियड, म्हणजे जास्त कडकपणाचा काळ, लावला. त्यात गंभीर चूक सापडली की कंपनीला ३ महिन्यांपर्यंत नवीन परदेशी माणूस घेता येणार नाही आणि सीईओने स्वतः जाऊन मंत्रालयासमोर हिशेब द्यायचा. २०२३ ला ३६ मृत्यू, प्रमाण १ च्या किंचित खाली. २०२४ ला पुन्हा ४३. म्हणजे दट्ट्या असला की खाली, जरा सैल झाला की वर.

आता माझं मत, पटलं तर घे. तिघं एका टेबलावर बसतात म्हणून नियम समंजस होतात, उद्योगाला झेपतील असे होतात, कोणी कोर्टात जाऊन अडवून ठेवत नाही. पण साइटवरचा प्रोजेक्ट मॅनेजर घाबरतो ते टेबलाला नाही, वर्क पासला, म्हणजे परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्याला. डिमेरिट पॉइंटची, म्हणजे चुकीबद्दल कंपनीच्या नावावर चढणाऱ्या पॉइंटची, सिस्टिम आहे, १८ महिन्यांत २५ पॉइंट झाले की परदेशी कामगारांच्या पासचे अर्ज बंद. इथल्या साइटवर हाताने काम करणारा माणूस जवळजवळ सगळा परदेशी, त्यामुळे ही शिक्षा दंडापेक्षा भारी पडते. दंडही वाढवलाय, जून २०२४ पासून नियमांखालचा कमाल दंड २० हजारांवरून ५० हजार सिंगापूर डॉलर, पण मोठ्या कंपनीला ५० हजार डॉलर म्हणजे काय रे, स्टॉप वर्क ऑर्डर लागून क्रेन उभी राहिली तर त्याहून जास्त जातात.

आणि तोच पास कामगाराच्याही मानेवर असतो. पास कंपनीने काढलेला, कंपनीने रद्द केला की तू परत. त्यामुळे तक्रारीचा हक्क कागदावर पक्का असला तरी वर्क परमिटवाला, म्हणजे कमी पगाराच्या कामाचा पास असलेला माणूस तोंड उघडायला कचरतो, त्यात एजंटचं कर्ज फिटलेलं नसेल तर विचारूच नकोस. माझ्या ओळखीतला एक फिटर, ग्राइंडरने बोट कापलं, टाके पडले, तर सुपरवायझर त्याला म्हणाला की एमसी घेऊ नको, लाइट ड्यूटी लिहून घे, ऑफिसमध्ये बस, पगार पूर्ण मिळेल. एमसी म्हणजे डॉक्टरने दिलेली आजारपणाची रजा. का, तर एमसी गेली की अपघात रिपोर्ट होतो आणि कंपनीचा रेकॉर्ड खराब. हा खेळ इतका चालायचा की सप्टेंबर २०२० पासून लाइट ड्यूटी दिली तरी रिपोर्ट करणं बंधनकारक केलंय. तू को-ऑर्डिनेटर असशील तर असला दबाव तुझ्यावरच येणार आहे, दोन्ही बाजूंनी.

कसा येतो ते बघ. ३ मीटरच्या वर पडायचा धोका असेल तर परमिट टू वर्क, म्हणजे त्या कामापुरती लेखी मंजुरी, लागते. सुपरवायझर अर्ज करतो, सेफ्टी असेसर जागेवर जाऊन बघतो, मग ऑथराइज्ड मॅनेजर मंजूर करतो. कागदावर एकदम सुंदर. प्रत्यक्षात सकाळी काँक्रीटची गाडी गेटवर उभी असते, पंप लावून झालेला असतो, स्लॅबच्या कडेची लाइफलाइन, म्हणजे सेफ्टी बेल्ट अडकवायची दोरी, एका टोकाला सळईला नुसती गुंडाळलेली असते आणि सुपरवायझर फाइल पुढे करून म्हणतो, सर साइन लाह, पाच मिनिटांत बांधतो. ती पाच मिनिटं कधी येत नाहीत. तू सही केली नाहीस तर गाडी परत जाते, काँक्रीट वाया, आणि दुपारी मॅनेजरचा फोन. मी अशा वेळी गोड बोलत बसत नाही, फोटो काढतो, लाइफलाइन नीट अँकरला बांधून घेतो आणि मगच सही, गाडीवाल्याला थांबायला मीच सांगतो. दोनतीनदा असं झालं की सुपरवायझर लोक आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवायला लागतात.

युनियनबद्दल. आपल्याकडे युनियन म्हटलं की गेट मीटिंग, घोषणा, टाळं, ते डोक्यातून काढून टाक. इथली एनटीयूसी सत्ताधारी पक्षाच्या जवळची आहे आणि ते कोणी लपवतही नाही. २०१२ मध्ये चीनमधून आलेल्या बस ड्रायव्हरांनी पगारावरून संप केला, तो बेकायदा ठरला आणि २९ जणांना परत पाठवलं. पण म्हणून युनियन बिनकामाची असं नाही. कन्स्ट्रक्शनसाठी बाटू नावाची युनियन आहे, परदेशी माणूसही मेंबर होऊ शकतो, तू हो. टेबलावर बसून बारीकसारीक गोष्टी मान्य करून घेणं त्यांना चांगलं जमतं. एनटीयूसी आणि एसएनईएफने मिळून २००९ मध्ये मायग्रंट वर्कर्स सेंटर काढलं, त्यांची २४ तास हेल्पलाइन आहे, पगार अडकला, डॉर्मिटरीतून हाकललं तर पहिला फोन तिकडे. टीडब्ल्यूसीटू आणि होम या परदेशी कामगारांसाठीच्या सरकारबाहेरच्या संस्था आहेत, त्या जास्त स्पष्ट बोलतात, त्यांचंही नाव लक्षात ठेव.

तिघांच्या सहमतीने चालतं याची दुसरी बाजूही आहे, जिथे मालकाचा खर्च मोठा तिथे सगळं कासवाच्या गतीने. कामगारांना लॉरीच्या मागे बसवून नेतात ना, त्यावर किती वर्षं बोंब चालू आहे, पावसासाठी कव्हर आलं, स्पीड लिमिटर आले, पण सरसकट बंदी परवडणार नाही असंच उत्तर येतं. मला हे अजिबात पटत नाही, बसायला सीट आणि बेल्ट ही काय चैन आहे का.

अपघात झालाच तर डब्ल्यूआयसीए, म्हणजे भरपाईचा कायदा, नीट वाचून ठेव. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, काम करताना लागलं एवढं पुरे. एमसीचे पहिले १४ दिवस पूर्ण पगार, हॉस्पिटलात असशील तर ६० दिवस, त्यानंतर दोन तृतीयांश, जास्तीत जास्त वर्षभर. क्लेम वर्षाच्या आत करायचा. आणि कोर्टात वेगळा दावा लावायचा असेल तर दोन्हीतलं एकच निवडता येतं, तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय कशावर सही करू नको, तुझ्या हाताखालच्या पोरांनाही हेच सांग.

परत पाठवतात का, तर सेफ्टीची माहिती मंत्रालयाला दिली म्हणून नोकरीवरून काढणं गुन्हा आहे आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. पण पास संपल्यावर रिन्यू न करायला मालकाला कारण द्यावं लागत नाही, हे कुठला कायदा थांबवणार. म्हणून एक क्रम सांगतो. ५० किंवा जास्त माणसं असतील त्या साइटवर सेफ्टी कमिटी सक्तीची आहे, त्यात कामगारांचे प्रतिनिधी असतात, विषय आधी तिथे मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, आण. मिनिट्समध्ये आलेली गोष्ट मॅनेजरला नंतर माहीत नव्हती म्हणता येत नाही. तिथे काही हललं नाही तर मंत्रालय. जीवावरचं असेल, म्हणजे शोअरिंग (बाजू ढासळू नयेत म्हणून दिलेला आधार) नसलेला खड्डा किंवा गॅस न तपासलेली टाकी, तर क्रम वगैरे विसर, काम थांबव आणि थेट कळव.

निघायच्या आधी दोनच गोष्टी. एजंट इथला असेल तर त्याची फी वर्षाला एका महिन्याचा पगार आणि एकूण जास्तीत जास्त दोन महिन्यांचा, त्यावर मागितली तर बेकायदा. आणि ऑफरमध्ये पद काय लिहिलंय ते बघ. ३० दशलक्ष डॉलर किंवा त्याहून मोठ्या कंत्राटाला सेफ्टी ऑफिसर लागतो आणि त्याची मंत्रालयात नोंदणी असावी लागते, त्याखाली को-ऑर्डिनेटर चालतो पण त्यालाही ठरलेला कोर्स लागतोच. तो कोर्स कोणाच्या खर्चाने, आणि तो पूर्ण होईपर्यंत तुझ्याकडून नक्की कुठलं काम करून घेणार, हे एचआरला ईमेलवर विचार, फोनवर नको, आणि उत्तर आलं की मला पाठव, बघून सांगतो.