ओएमआर लावा, पण चुकीचे पर्याय मुलांच्या वहीतून काढा

मॅडम, सातवी-आठवीची मिळून 240 मुलं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही तुमच्याच गळ्यात, आणि मुख्याध्यापक म्हणतात की घटक चाचणी सगळी ओएमआरवर, म्हणजे पर्यायाचा गोळा रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर घ्या, मोबाईलने स्कॅन करा, तपासणीची कटकट मिटेल. भाषेला हे चालतं का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्ये मराठी माध्यमाच्या शाळेत 26 वर्षं भाषा शिकवतेय आणि गेली काही वर्षं हे गोळे स्कॅनही करतेय. वाचन आणि शब्दसंपत्तीला चालतं. लेखनाला अजिबात नाही.

"शिष्यवृत्तीला चालतं, मग आपल्याला का नाही?" हे तुम्हाला ऐकवलं जाईलच. शिष्यवृत्तीच्या पेपरात प्रथम भाषेचे 25 प्रश्न आणि 50 गुण असतात. राज्यभरातल्या मुलांतून निवड करायची असते, तिथे दुसरा मार्गही नाही. पण चार पर्यायांचे 25 प्रश्न मुलाने न वाचता डोळे मिटून रंगवले, तरी सरासरी सहा बरोबर येतात, म्हणजे 12 गुण. तेव्हा 14 गुण मिळालेल्या मुलाला "थोडंफार येतं" म्हणू नका. त्याला बहुतेक काहीच येत नसतं आणि आपण वर्षभर गाफील राहतो.

आता मुद्द्याचं. यंत्र फक्त मोजतं. चाचणीचा जीव असतो तो चुकीच्या तीन पर्यायांत, आणि ते आपण पेपर छापायच्या आदल्या रात्री जांभया देत भरतो. 'हात टेकणे' म्हणजे काय? हात टेबलावर ठेवणे, पळून जाणे, जेवणे, आणि चौथा : सर्व प्रयत्न करूनही यश न आल्याने हार मानणे. वाक्प्रचार आयुष्यात न ऐकलेलं मूलही सगळ्यात लांब पर्याय रंगवतं. मी असले प्रश्न ढिगाने काढलेत, नावं दुसऱ्याला कशाला ठेवू?

हल्ली मी चुकीचे पर्याय वह्यांतून उचलते. निबंध तपासताना शेजारी एक जुनी डायरी असते, चूक दिसली की त्यात टिपायची. इंग्रजीत 'आय डिडन्ट वेन्ट' दर वर्षी येतं, मग तोच पर्याय. मराठीत 'दारात ___ आहे?' याला 'कोण' आणि 'कोन' दोन्ही द्यायचे. आमच्याकडे सटाणा-मालेगावकडून आलेली, घरी अहिराणी बोलणारी मुलं असतात. त्यांच्या कानाला 'पाणी' म्हणजे 'पानी'. 'कोन' रंगवणारी मुलं बहुतांश त्यातलीच निघाली. यात अज्ञान नाही, घरच्या बोलीची सवय आहे. 'न' आणि 'ण'चा वेगळा तास घेतला आणि गाडी रुळावर आली. चुकलेल्या गोळ्याने मला असं काही सांगितलं नाही तर तो प्रश्न फुकट गेला समजते.

उताऱ्यावरच्या प्रश्नांना एक चाचणी लावा : उतारा झाकून प्रश्न सोडवायला द्या. मी एकदा द्राक्षांवर उतारा दिला होता. पहिला प्रश्न, 'नाशिक कोणत्या फळासाठी प्रसिद्ध आहे?' आता हे सांगायला शहरातल्या कॉलेज रोडच्या मुलालाही उतारा लागत नाही! पुढचा प्रश्न गोडी छाटणीवर, म्हणजे द्राक्षवेलीला फळ यावं म्हणून करतात त्या छाटणीवर. निफाड-दिंडोरीकडे ज्यांच्या मामाचा मळा आहे त्यांना ऑक्टोबरातली छाटणी पाठच, बाकीच्यांना छाटणी म्हणजे झाडाची की केसांची इथून सुरुवात. मी वाचन तपासतेय असं समजत होते, प्रत्यक्षात सुट्टी कोणी कुठे घालवली ते तपासत होते.

स्कॅनिंगचा खरा फायदा वेळ वाचण्यात नाही, प्रत्येक पर्याय किती मुलांनी निवडला हे दिसण्यात आहे. 60 मुलांची तुकडी असेल तर एकूण गुणांप्रमाणे वरची 16 आणि खालची 16 मुलं घ्या (साधारण 27 टक्के, हा जुना प्रघात आहे). वरच्या गटातले बरोबर वजा खालच्या गटातले बरोबर, भागिले 16. समजा 14 आणि 5, तर 0.56, म्हणजे येणारी आणि न येणारी मुलं वेगळी कळतात, प्रश्न छान. शून्याच्या आसपास असेल तर बदला. आणि उणे आलं तर आधी स्वतःकडे बघा.

माझं उणे आलं होतं. ''पात्र' शब्दाचा अर्थ सांगा' : भांडे, लायक, कपडा, घर. उत्तरसूचीत 'भांडे'. वरच्या 16 पैकी 7 बरोबर, खालच्या 16 पैकी 11! हुशार मुलांना 'लायक' हाही अर्थ माहीत होता, ती अडखळली. ज्यांना एकच अर्थ ठाऊक होता त्यांना गुण मिळाले. एक मुलगी पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, नदीचं पात्र तर यात दिलंच नाहीये." रोज गोदावरीकाठच्या रामकुंडावरून शाळेत येणारी मुलगी ती, मी काय बोलणार? सगळ्यांना तो गुण दिला. तेव्हापासून सुटा शब्द विचारत नाही, वाक्यात घालून विचारते.

'शुद्ध शब्द ओळखा' मात्र शक्यतो टाळाच. आशीर्वाद, आशिर्वाद, आर्शिवाद, आर्शीवाद... मुलाच्या डोळ्यांसमोर तीन चुकीची रूपं तितक्याच ठसठशीत अक्षरांत. ती टाइप करता करता माझाच गोंधळ व्हायला लागला होता. शुद्धलेखन हवं तर पाच ओळी श्रुतलेखन घ्या, मुलांनाच अदलाबदल करून तपासू द्या.

लेखनाचं तर बोलायलाच नको. वर्गात ओएमआरला पहिला आलेला मुलगा रजेचा अर्ज लिहायला बसला आणि 'माननीय' नंतर थांबला. बरोबर वाक्य ओळखणं वेगळं, ते मनातून काढणं वेगळं. मुख्याध्यापकांना सांगा, 20 गुणांच्या चाचणीत 12 गोळ्यांचे आणि 8 लेखनाचे. प्रत्येकी आठ-दहा ओळी, दोन तुकड्या या आठवड्यात, बाकीच्या पुढच्या. तपासणी उरेलच, पण निम्म्याहून कमी. चार पर्यायांचा हट्टही नको. चौथा सुचत नसेल तर तीन ठेवा, ओढूनताणून घातलेला चौथा तसाही कोणी रंगवत नाही.

बाकी कामाचं : उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढताना दुकानदाराला आकार लहान करू देऊ नका, कोपऱ्यातले काळे चौकोन कापले गेले की अ‍ॅप ओळखतच नाही. स्कॅन खिडकीजवळ करा, ट्यूबखाली हाताची सावली पडते. अ आणि ब संच काढलेत तर उत्तरसूची छापील पेपर समोर धरून पुन्हा ताडा. मी एकदा अख्खी तुकडी नापास केली होती. आणि हजेरी क्रमांकाचे गोळे पहिल्या वेळी तुम्ही स्वतः फिरून बघा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, प्रश्नांत नाही.